सोळा विजयांची वाट

डेट्रॉइटच्या ईस्टर्न मार्केटमध्ये कुझिमानो कुटुंबाचं मासळीचं दुकान होतं. पीट आणि जेरी हे त्या घरातले दोघे भाऊ. १५ एप्रिल १९५२ च्या संध्याकाळी ते ‘रेड विंग्ज’चा सामना बघायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक ऑक्टोपस होता. आइस हॉकीचा स्टॅन्ली कप मिळवायला त्या काळी प्लेऑफचे आठ सामने जिंकावे लागत, आणि ऑक्टोपसला पाय आठ. रेड विंग्जनी लागोपाठ सात सामने मारले होते. भावांनी ऑक्टोपस बर्फावर भिरकावला, संघाने आठवाही सामना जिंकला, आणि डेट्रॉइटला नवा कुळाचार मिळाला.

आज कप जिंकायला सोळा विजय लागतात. आठ पायांचा हिशेब कधीच मोडला, तरी रेड विंग्ज प्लेऑफला पोचले की बर्फावर ऑक्टोपस पडतोच. कच्चा टाकला तर चिकटतो, डाग पाडतो. म्हणून मुरलेले प्रेक्षक तो घरून उकडून आणतात. घरी चुलीवर पातेलं चढतं, तिथूनच त्यांचा सामना सुरू होतो.

या चाहत्यांचं मला हेच फार भावतं. एकदा सहज घडून गेलेली गोष्ट ते व्रतासारखी जपतात. १९८२ मध्ये शिकागोतल्या सामन्यात पंचांच्या निर्णयांवर वैतागून व्हँकूव्हरचे प्रशिक्षक रॉजर नीलसन यांनी हॉकी स्टिकच्या टोकाला पांढरा टॉवेल लावून उंच धरला. शरणागतीचं निशाण! त्यांना बाहेर काढण्यात आलं. संघ घरी परतला तेव्हा हजारो प्रेक्षक पांढरे टॉवेल फिरवत उभे होते. त्यानंतर फ्लोरिडा. १९९५ च्या ऑक्टोबरात ‘पँथर्स’च्या स्कॉट मेलनबीने कपडे बदलण्याच्या खोलीत शिरलेला उंदीर स्टिकने मारला आणि त्याच सामन्यात दोन गोल केले. पुढच्या वसंतात दर गोलनंतर प्लॅस्टिकच्या उंदरांचा एवढा पाऊस पडू लागला, की खेळात व्यत्यय आणणाऱ्यांना आवरण्यासाठी लीगला नियम करावा लागला. प्लेऑफ संपेपर्यंत दाढी न करण्याची रीत १९८० च्या सुमारास ‘न्यूयॉर्क आयलंडर्स’च्या खेळाडूंनी सुरू केली. तीही आता घरोघरचे चाहते पाळतात.

ही व्रतं का लागतात, ते स्पर्धेच्या रचनेतून कळतं. नॅशनल हॉकी लीगचे ३२ संघ. त्यातले १६ एप्रिलमध्ये प्लेऑफला जातात. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने, आधी चार जिंकेल तो पुढे. जूनपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने, एक दिवसाआड जीव टांगणीला. त्यात बरोबरी झाली तर सोक्षमोक्ष लावायला पेनल्टी फटके नाहीत. वीस-वीस मिनिटांची सत्रं, पहिला गोल होईपर्यंत. २४ मार्च १९३६ रोजी माँट्रियलमध्ये डेट्रॉइट आणि ‘मरून्स’ यांचा सामना असा सहाव्या जादा सत्रात गेला. ११६ मिनिटं ३० सेकंदांच्या जादा खेळानंतर मड ब्रुनेटो या नवख्या पोराने सामन्यातला एकुलता एक गोल केला, तेव्हा मध्यरात्र उलटून दोन तास झाले होते. असल्या रात्री बाकावर बसणाऱ्याच्या हाती काही नसतं. म्हणूनच तो टॉवेल हाती घेतो, दाढी राखतो.

वाट बघणं तर पिढ्यान् पिढ्यांचं. टोरोंटोच्या ‘मेपल लीफ्स’नी कप शेवटचा उचलला १९६७ मध्ये. माँट्रियलने १९९३ मध्ये जिंकला, त्यानंतर तो कॅनडातल्या संघाकडे आलेला नाही. ज्या देशात १८९२ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी तो देऊ केला, त्या देशाकडे. २०२४ मध्ये एडमंटन अगदी उंबऱ्यापर्यंत पोचलं होतं. अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध पहिले तीन सामने गमावून नंतरचे तीन जिंकले. अंतिम फेरीत ०-३ वरून कप खेचून आणणारा एकच संघ इतिहासात आहे, १९४२ चा टोरोंटो. २४ जूनचा सातवा सामना फ्लोरिडाच्या दमट उकाड्यात, आतल्या बर्फावर. आणि एडमंटनचे लोक आपल्या रिकाम्या रिंकमध्ये पडद्यासमोर बसलेले. २-१. फ्लोरिडा. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हरलेल्या संघाच्या कॉनर मॅकडेव्हिडचं नाव पुकारलं गेलं, पण बक्षीस घ्यायला तो बर्फावर आला नाही. मला त्याचं ते न येणं पटतं.

हा गोठलेल्या तळ्यांवर वाढलेला खेळ. त्यात आपल्याकडची माणसं कशी शिरली? भाषेच्या दारातून. २००८ मध्ये कॅनडात पंजाबी समालोचन सुरू झालं. अल्बर्टात जन्मलेले हरनारायण सिंग सुरुवातीला दर आठवड्याला पदरमोड करून कॅलगरीहून टोरोंटोला विमानाने जात. शब्द घडवावे लागले. पक, म्हणजे रबराची कडक चकती, तिची ‘टिक्की’ झाली. सणसणीत फटका ‘चपेड शॉट’ झाला, चपेड म्हणजे चापट. २०१६ च्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात पिट्सबर्गच्या निक बोनिनोने निर्णायक गोल केला आणि सिंग त्याचं नाव एका दमात पुकारत राहिले. इंग्रजी घरांमधूनही ती आरोळी ऐकली गेली, आणि कप जिंकल्यावर पिट्सबर्गने या पंजाबी मंडळींना विजयोत्सवाला बोलावून घेतलं. आजीला कळेल अशा शब्दांत खेळ सांगितला की घरातल्या तीन पिढ्या एका सोफ्यावर बसतात; कुणाही परक्या खेळाला घरात घेण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. २०२४ मध्ये व्हँकूव्हर जिंकलं की शेजारच्या सरे शहरातल्या स्कॉट रोडवर ढोल वाजायचे आणि हॉकीच्या जर्सीत भांगडा चालायचा.

त्याच व्हँकूव्हरची एक रात्र मात्र काळी आहे. १५ जून २०११ ला घरच्या बर्फावर अंतिम फेरीचा सातवा सामना बॉस्टनने ४-० जिंकला आणि शहराच्या मध्यभागी दंगल उसळली. गाड्या जळल्या, दुकानं फुटली. चाहतेपणाबद्दल लिहिताना ही रात्र गाळणं अप्रामाणिकपणा होईल. पण दुसरी सकाळही सांगितली पाहिजे. न बोलावता लोक आले. हातात झाडू, खराटे, रबरी मोजे, कचऱ्याच्या पिशव्या. कित्येकांच्या अंगात कालचीच जर्सी. काचा वेचल्या गेल्या. एका मोठ्या दुकानाच्या फुटलेल्या काचांवर प्लायवुडच्या फळ्या ठोकल्या होत्या. कुणीतरी त्यांच्यावर मार्करने माफी मागितली, मग दुसऱ्याने, मग फळ्या काठोकाठ भरल्या.

स्टॅन्ली कपच्या कड्यांवर विजेत्या खेळाडूंची नावं कोरतात. कडं भरलं की सर्वांत जुनं काढून टोरोंटोच्या तिजोरीत ठेवतात. प्रेक्षकांच्या अक्षरातल्या त्या फळ्या व्हँकूव्हरच्या शहर-संग्रहालयाने जपून ठेवल्या आहेत.