बापाच्या तोंडातलं बालपण

इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाची बेटं आहेत. तिथल्या उथळ, शांत खाडीत, सागरी गवत आणि प्रवाळांच्या आसपास, जेमतेम आठ सेंटिमीटरचा एक मासा राहतो: बांगाई कार्डिनल. चंदेरी अंगावर काळे उभे पट्टे, पांढरे ठिपके, लांब पर. मूळचा तो फक्त याच बेटांचा.

या माशात पिल्लं सांभाळतो तो बाप. मादीनं गाबोळी सोडली की नर ती लगेच तोंडात घेतो. त्याचा जबडा खाली टम्म फुगतो आणि आतली नारिंगी अंडी बाहेरूनही दिसतात. अंडी फुटल्यावरही पिल्लं काही दिवस आतच राहतात. असा साधारण महिनाभर बाप उपाशी!

बाहेर पडतात ती पिल्लं हुबेहूब आईबापांसारखी, फक्त चिमुकली. त्यांना तातडीनं आडोसा लागतो, कारण मोठे मासे, अगदी स्वजातीयसुद्धा, त्यांना गिळतात. म्हणून ती सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या वीतभर लांब काळ्या काट्यांत शिरतात. सुयांच्या त्या रानात शिकारी माशाला तोंड घालता येत नाही.

बहुतेक प्रवाळमाशांची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात. त्यातली असंख्य मरतात, पण उरलेली दूरवर नव्या वस्त्या करतात. बांगाईची पिल्लं जन्मल्या जागीच राहतात. त्यामुळे काही किलोमीटरवरच्या दोन वस्त्यांमध्येही जनुकीय फरक आढळतो. आणि एखादी वस्ती उपसून नेली, तर ती पुन्हा भरायला बाहेरून कोणी येत नाही. माझ्या मते या माशाचं खरं दुखणं हेच आहे.

वॉल्टर कॉडर्न या स्वीडिश संशोधकानं 1920 मध्ये त्याचे नमुने गोळा केले आणि 1933 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. पुढे कित्येक दशकं त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. 1990 च्या दशकात तो पुन्हा नजरेत आला आणि शोभेच्या माशांच्या बाजारानं त्याला उचललं. वर्षाला लाखोंनी मासे पकडले जाऊ लागले. त्याचा आसरा असलेले सी-अर्चिनही माणसं काढून नेऊ लागली. 2007 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत तो 'संकटग्रस्त' ठरला.

टाकीत मात्र त्याची पैदास होऊ शकते. घरी खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय असेल आणि हा मासा हवासा वाटला, तर विक्रेत्याला आधी विचारा: हा टाकीत वाढलेला आहे की समुद्रातून धरलेला? समुद्रातला असेल, तर घेऊ नका.