डेटा सेंटरची पायाभूत रचना व विश्वासार्हता : महाविद्यालयीन संकेतस्थळांच्या संदर्भात

प्रस्तावना

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ मध्ये मूल्यांकनाची सुधारित पद्धती लागू केली, तेव्हापासून महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचे स्वरूप पालटले. त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी प्राचार्यांचे मनोगत, इमारतीचे छायाचित्र व प्रवेशाची माहितीपत्रिका एवढाच त्याचा पसारा असे. आता स्वयंमूल्यमापन अहवालातील विधानांचे पुरावे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. पडताळणी करणाऱ्याने दिलेला दुवा उघडला नाही, तर कपाटात कागद असूनही पुरावा नाही अशी स्थिती उद्भवते. संकेतस्थळ हे अशा प्रकारे महाविद्यालयाचे दफ्तर बनले आहे. मात्र हे दफ्तर प्रत्यक्षात कोठे ठेवलेले आहे, या प्रश्नाचे उत्तर बहुतांश महाविद्यालयांत केवळ संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या व्यावसायिकालाच ठाऊक असते.

आष्टा येथील एखाद्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ आष्ट्यात नसते. ते नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे किंवा पनवेल परिसरातील, क्वचित परदेशातील एखाद्या डेटा सेंटरमध्ये, शेकडो अन्य संकेतस्थळांसह एकाच सर्व्हरवर नांदत असते. या वास्तूची रचना कशी असते, तिच्या विश्वासार्हतेचे जे आकडे सांगितले जातात त्यांचा अर्थ काय, आणि तो आकडा नेमक्या कोणत्या गोष्टीची हमी देत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वीज आणि थंडावा

डेटा सेंटर म्हणजे संगणकांनी भरलेली मोठी खोली, हा समज अपुरा आहे. खर्चाचा व जागेचा फार मोठा वाटा संगणकांव्यतिरिक्तच्या यंत्रणेचा असतो. वीज मंडळाच्या वाहिनीतून येणारा प्रवाह रोहित्रातून उतरतो आणि यूपीएसमार्गे सर्व्हरपर्यंत जातो. बाहेरची वीज खंडित होताच बॅटऱ्या भार उचलतात. त्या तासन्‌तास चालाव्यात अशी अपेक्षाच नसते. डिझेल जनरेटर सुरू होऊन स्थिर होईपर्यंतची काही मिनिटे भरून काढणे एवढेच त्यांचे काम. चार जनरेटरची गरज असताना पाच बसविणे ही एक पद्धत, तर संपूर्ण वीजमार्गच दोन स्वतंत्र शाखांत उभारून प्रत्येक सर्व्हरला दोन्हींकडून जोडणी देणे ही दुसरी, अधिक खर्चिक पद्धत होय.

सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. त्यामुळे विजेइतकेच महत्त्व थंडाव्याला आहे. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा साधारणतः १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. थंड हवेची व गरम हवेची गल्ली वेगळी ठेवली जाते, जेणेकरून दोन्ही मिसळू नयेत. भरगच्च खोलीतील शीतयंत्रणा थांबली, तर वीज चालू असूनही काही मिनिटांतच यंत्रे बंद करावी लागतात. आग विझविण्यासाठी अनेक ठिकाणी पाण्याऐवजी विशिष्ट वायूचा वापर होतो.

उपलब्धतेचे गणित

अमेरिकेतील अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेने डेटा सेंटरचे चार स्तर ठरविले आहेत. त्यांच्याशी जोडले गेलेले आकडे व्यवसायात सर्वत्र उद्धृत केले जातात : पहिल्या स्तरासाठी ९९.६७१ टक्के उपलब्धता, तिसऱ्यासाठी ९९.९८२ टक्के, चौथ्यासाठी ९९.९९५ टक्के. हे आकडे परस्परांच्या इतके जवळ दिसतात की वाचकास त्यांतील भेद नगण्य वाटावा. वर्षाच्या ८,७६० तासांशी ताडून पाहिल्यास पहिल्या स्तरात वर्षाकाठी सुमारे २८.८ तासांचा खंड संभवतो, तिसऱ्यात सुमारे ९५ मिनिटांचा आणि चौथ्यात सुमारे २६ मिनिटांचा. तिसऱ्या स्तराचे खरे वैशिष्ट्य टक्केवारीत नसून, कोणताही एक भाग दुरुस्तीसाठी काढला तरी सेवा चालू राहते, या गुणात आहे.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हा आकडा इमारतीचा आहे, संकेतस्थळाचा नव्हे. वीज, शीतन, सर्व्हर आणि दूरसंचार जोडणी हे चार घटक एकामागे एक साखळीसारखे असतील व प्रत्येकाची उपलब्धता ९९.९ टक्के असेल, तर त्यांचा गुणाकार ९९.६ टक्के येतो. म्हणजे वर्षाला सुमारे ३५ तास सेवा खंडित. याउलट ९९ टक्के उपलब्धतेच्या दोनच यंत्रणा समांतर ठेवल्या, तर एकत्रित उपलब्धता ९९.९९ टक्के होते. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांस यातील अट सांगावयास नको : दोन्ही यंत्रणा परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. विश्वासार्हतेचे बहुतेक दावे या एका अटीपाशी अडखळतात.

मुंबईचा अनुभव

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या प्रलयात दूरध्वनी व मोबाइल सेवा कोलमडली. 'डॉट इन' या भारतीय परिक्षेत्राचे मुंबईतील नाम-सर्व्हर बंद पडल्याने त्यांची रचनाही बदलावी लागली. तळघरात ठेवलेला जनरेटर पुरात प्रथम बुडतो, ही साधी गोष्ट त्या दिवसानंतर कोणास समजावून सांगावी लागली नाही. तरीही सागरी केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात व मोठ्या वित्तसंस्था येथेच आहेत, या कारणांमुळे भारतातील डेटा सेंटर व्यवसाय पुढेही मुंबई–नवी मुंबई परिसरातच वाढला.

यानंतरच्या दोन घटना एकत्र अभ्यासण्याजोग्या आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. लोकलगाड्या जागीच थांबल्या. मुंबई विद्यापीठास त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मात्र राष्ट्रीय शेअर बाजार व मुंबई शेअर बाजार या दोहोंचे व्यवहार सुरळीत चालू राहिले. जनरेटर व बॅटऱ्यांवरील खर्चाचे सार्थक झाले, असेच कोणीही म्हटले असते. परीक्षा थांबल्या त्या विद्यार्थ्यांच्या व महाविद्यालयांच्या टोकाशी वीज नव्हती म्हणून. सर्व्हर जागा असून उपयोग नव्हता.

यानंतर साडेचार महिन्यांच्या आत, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी, वीज असताना तोच राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४० वाजता थांबला. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी ३.४५ वाजता, आणि त्यासाठी त्या दिवशीची वेळ सायंकाळी पाचपर्यंत वाढवावी लागली. बाजाराने दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून दूरसंचार जोडण्या घेतलेल्या होत्या. रस्त्यालगतच्या खोदकामामुळे व बांधकामामुळे दोन्हींत अस्थिरता निर्माण झाल्याचे स्पष्टीकरण बाजाराने नंतर दिले. करार दोन, कंपन्या दोन, देयके दोन. पण मार्गावरील संकट एकच. समांतर यंत्रणेच्या स्वातंत्र्याची अट येथे मोडली. याहून बोलका भाग पुढचा आहे. आपत्तीच्या प्रसंगी कारभार चालवता यावा म्हणून बाजाराचे पर्यायी केंद्र चेन्नई येथे होते, तरी त्या दिवशी व्यवहार तेथे हलविण्यात आले नाहीत. पुढे सेबीने आपत्ती जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्राकडे जाण्याचा दंडक घातला. देशातील सर्वांत साधनसंपन्न संस्थांपैकी एकीची ही कथा आहे, म्हणून ती महत्त्वाची. पर्यायी केंद्र असणे आणि ते वेळेवर वापरण्याची तयारी असणे, यांत अंतर असते.

दुसरी प्रत

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीची पाच मजली डेटा सेंटर इमारत आगीत नष्ट झाली आणि लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांनी स्वतंत्र पैसे भरून राखीव प्रतीची सेवा घेतली होती. त्यांच्यापैकी काहींची राखीव प्रत त्याच इमारतीत होती. न्यायालयाने यासंबंधीच्या दाव्यात कंपनीस जबाबदार धरले, परंतु गेलेली विदा निकालाने परत येत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांपासून आग लागली. ७०९ शासकीय प्रणाली थांबल्या. शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवणुकीतील ८५८ टेराबाइट विदेची बाहेर कोठेही प्रत नसल्याने ती कायमची नष्ट झाली. वीज खंडित होऊ नये म्हणून बसविलेल्या बॅटऱ्याच येथे आगीचे कारण ठरल्या, हा विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे.

यावर उपाय म्हणून सर्व्हर महाविद्यालयातच ठेवावा, असा विचार काही ठिकाणी होतो. सांगली जिल्ह्याच्या भूगोलात तो टिकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेथील धोक्याची पातळी ४५ फूट असताना. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पुरात रस्ते बुडाले की मोबाइल मनोऱ्यांच्या जनरेटरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. उपकेंद्रे सुरक्षिततेसाठी बंद करावी लागतात. राखीव प्रत कोल्हापुरास ठेवली तरी पंचगंगेचा पूर त्याच आठवड्यात येतो. २०१९ मध्ये तसेच घडले. मूळ प्रत नवी मुंबईत असल्यास दुसरी सह्याद्रीच्या अलीकडे पुण्यास अथवा हैदराबादेस असणे सयुक्तिक ठरते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय डेटा सेंटरे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर अशी विखुरलेली आहेत, ती याच तत्त्वाने.

महाविद्यालयाच्या पातळीवर यासाठी मोठा निधी लागत नाही. संपूर्ण संकेतस्थळ व त्यावरील कागदपत्रे बहुधा एका पेनड्राइव्हमध्ये मावतात. अडचण वेगळीच असते. होस्टिंगचे खाते व्यावसायिकाच्या नावावर, सांकेतिक शब्द त्याच्या वहीत, आणि करार असला तरी त्यात राखीव प्रतीचा उल्लेख नसतो. '९९.९ टक्के हमी' या शब्दांचा करारातील अर्थ बहुधा एवढाच असतो, की खंड त्याहून वाढल्यास शुल्काचा काही अंश वळता केला जाईल. गेलेल्या विदेबद्दल त्यात सहसा काहीच नसते. करार करताना दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : बिघाडानंतर किती तासांत संकेतस्थळ पूर्ववत होईल, आणि पूर्ववत झालेल्या संकेतस्थळावर जास्तीत जास्त किती दिवसांची माहिती गहाळ असू शकेल. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणीही यातच येते. 'एसी डॉट इन' हे नाव अर्नेट इंडियामार्फत मिळते व ठराविक काळाने नूतनीकरण मागते. नोंदणीतील ई-मेल निवृत्त प्राध्यापकाचा असल्यास नूतनीकरणाची सूचना कोणीच वाचत नाही, आणि चौथ्या स्तरातील डेटा सेंटर असूनही पान उघडत नाही.

राखीव प्रत उघडून पाहण्याचा प्रघात तर फारच विरळ आहे. प्रत घेतली गेल्याचा संदेश दररोज येतो आणि प्रत्यक्ष गरज पडली असता फाइल अर्धवट निघते, असे घडू शकते. संगणकशास्त्र विभागाने वर्षातून दोनदा, त्यातील एकदा तरी जूनपूर्वी, ही प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून पाहावी. अहवालातील पाचपन्नास दुवे तपासावेत व उघडण्यास लागलेला वेळ नोंदवहीत लिहावा. प्रात्यक्षिकाच्या दोन तासिकांत हे काम होते, आणि विद्यार्थ्यांनाही ते अभ्यासक्रमातील प्रकरणापेक्षा अधिक समजते.