एका नृत्यमंडळीची कहाणी

मूर्तिकार मूर्ती घडवतो आणि निघून जातो. मूर्ती मात्र मागे राहते. कवीची कविता ग्रंथात राहते, चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते. नर्तकाच्या कलेचे तसे नाही. नृत्य संपले, की रंगमंच पुन्हा पूर्वीसारखा रिकामा होतो. मग ते नृत्य दोनच ठिकाणी उरते : ज्यांनी ते पाहिले त्यांच्या स्मरणात आणि ज्यांनी ते केले त्यांच्या शरीरात. हे धन राखायचे असेल, तर एका पिढीने ते वेळेवर दुसऱ्या पिढीच्या हाती सोपवले पाहिजे. डॅन गेलर व डेना गोल्डफाइन या दोघांनी निर्माण केलेला ‘बॅले रूस’ हा अमेरिकन अनुबोधपट हेच सत्य एका जगप्रसिद्ध नृत्यमंडळीच्या इतिहासातून आपल्यापुढे ठेवतो. तो २००५ साली प्रथम दाखवण्यात आला.

बॅले हे युरोपातील नृत्यनाट्य होय. त्यात पात्रे बोलत नाहीत. नृत्य, अभिनय, संगीत आणि नेपथ्य यांच्या साहाय्याने कथा उलगडत जाते. पायांच्या बोटांच्या टोकांवर शरीराचा सारा भार तोलून नर्तकी नाचते, तेव्हा ती जणू जमिनीला स्पर्शच करीत नाही असे वाटते. हा हलकेपणा साधण्यासाठी लहानपणापासून वर्षानुवर्षे कठोर परिश्रम करावे लागतात. ‘बॅले रूस’ या फ्रेंच नावाचा अर्थ ‘रशियन बॅले’ असा आहे.

या मंडळीचे संस्थापक सर्गेई द्यागिलेव हे स्वतः नर्तक नव्हते. पण गुणी माणसे हेरून त्यांना एकत्र आणण्याची विलक्षण शक्ती त्यांच्या ठायी होती. १९०९ साली त्यांनी रशियातील उत्तम नर्तक पॅरिसला आणले आणि तेथील रसिकांना थक्क करून सोडले. त्या पहिल्या हंगामात ॲना पाव्हलोव्हा ही थोर नर्तकी होती. तिने पुढे स्वतःची मंडळी काढली आणि १९२३ साली लंडनमध्ये आपल्या उदय शंकरांनी तिच्यासमवेत राधाकृष्णाचे नृत्य सादर केले. द्यागिलेव यांच्यासाठी स्ट्राव्हिन्स्की यांनी संगीत रचले आणि पिकासो यांनी पडदे रंगवले. मंडळीचे नाव रशियन होते. परंतु रशियात तिचा एकही प्रयोग कधी झाला नाही. १९१७ च्या क्रांतीनंतर तर तिच्यातील अनेकांना परतीची वाटच उरली नाही.

नृत्य किती सहज हरवते, याचे उदाहरण याच मंडळीच्या इतिहासात सापडते. १९१३ साली निजिन्स्की यांनी बसवलेले ‘वसंतविधी’ हे नृत्य पॅरिसमध्ये सादर झाले. त्यातील जड पावले व अनोळखी संगीत यांमुळे प्रेक्षागृहात मोठा गोंधळ माजला. थोड्याच प्रयोगांनंतर ते नृत्य बंद पडले. त्याचे चलच्चित्र कोणी घेतले नव्हते. स्वरलिपी लिहिलेली असल्याने संगीत टिकले. नृत्य मात्र विस्मृतीत गेले. पुढे संशोधकांनी जुनी रेखाचित्रे, टिपणे आणि आठवणी यांच्या आधारे ते अनेक वर्षे खपून पुन्हा जुळवले, तेव्हा १९८७ साली ते पुन्हा रंगमंचावर आले.

१९२९ साली द्यागिलेव यांचे व्हेनिस येथे निधन झाले आणि मंडळी विखुरली. १९३२ साली रने ब्लम आणि कर्नल द बासील यांनी माँटे कार्लो येथे नवी मंडळी उभारली. तिच्यासाठी नव्या नर्तकींचा शोध सुरू झाला. पॅरिसमध्ये आश्रयाला आलेल्या वृद्ध रशियन नर्तकी तेथे आपल्या शाळा चालवीत असत. त्या शाळांतून इरिना बारोनोव्हा, तमारा तुमानोव्हा आणि तात्याना रियाबुशिन्स्का या तीन मुली पुढे आल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते! निर्वासितांची ही लेकरे थोड्याच काळात जगभर गाजली.

यशाबरोबर कलहही आला. १९३८ पर्यंत मंडळीची दोन शकले झाली. लवकरच दुसरे महायुद्ध पेटले. नाझींनी रने ब्लम यांना पकडून नेले आणि १९४२ साली आउश्वित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. दोन्ही मंडळ्या सागरापलीकडे गेल्या. एक दक्षिण अमेरिकेत भ्रमंती करीत राहिली. दुसरी आगगाडीने अमेरिकेतील गावोगाव हिंडली. आज या गावी प्रयोग, तर उद्या पुढच्या गावी. असंख्य लोकांनी आयुष्यातील पहिले बॅले याच मंडळीकडून पाहिले.

याच काळात मंडळीचे रूप पालटले. त्यात अमेरिकन तरुण-तरुणी येऊ लागल्या. मारिया टॉलचीफ ही तेथील मूळ रहिवाशांपैकी ओसेज जमातीची कन्या. नाव रशियन वाटावे म्हणून ते बदल, असे तिला सुचवण्यात आले. तिने आपल्या कुळाचे नाव सोडण्यास नकार दिला. १९५५ साली रेव्हन विल्किन्सन ही कृष्णवर्णीय तरुणी मंडळीत दाखल झाली. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण भागात वर्णभेदाचे राज्य होते. गोऱ्यांसाठी असलेल्या हॉटेलात तिला विचारण्यात आले, “तू कृष्णवर्णीय आहेस का?” तिचा वर्ण उजळ असल्याने खोटे बोलून निभावून नेणे तिला शक्य होते, पण आपण कोण आहोत हे नाकारणे तिला मान्य नव्हते. तिला हॉटेल सोडावे लागले. वर्णद्वेष्ट्या टोळीची माणसे एकदा रंगमंचापर्यंतही येऊन धडकली. अखेरीस १९६१ साली तिने मंडळी सोडली. नृत्य मात्र कायमचे सोडले नाही. पुढे नेदरलँड्समधील राष्ट्रीय नृत्यसंस्थेत तिने आदराचे स्थान मिळवले.

पहिली मंडळी त्याआधीच मोडली होती. दुसरीही १९६२ च्या सुमारास थांबली. परंतु नर्तक थांबले नाहीत. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि इतरत्र ज्याला जेथे आसरा मिळाला, तेथे तो नव्या मुलांना शिकवू लागला. पॅरिसमधील त्या वृद्ध शिक्षिकांकडून मिळालेले पाऊल अशा रीतीने दूरदेशीच्या मुलांच्या पायांत उतरले.

२००० साली न्यू ऑर्लिन्स शहरात या जुन्या सोबत्यांचा मेळावा भरला. त्यांतील अनेकांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. गेलर व गोल्डफाइन यांनी त्यांचे बोलणे टिपून घेतले आणि त्याला जुन्या मूक चलच्चित्रांची जोड दिली. वेळ किती थोडा उरला होता, हे लवकरच दिसून आले. त्याच वर्षी रियाबुशिन्स्का निवर्तल्या. चित्रपट प्रेक्षकांपुढे येण्यापूर्वीच मिया स्लाव्हेन्स्का आणि ॲलिशिया मार्कोव्हा याही या जगातून गेल्या. आणखी काही वर्षे उशीर झाला असता, तर या इतिहासाचे साक्षीदार बोलण्यास उरले नसते.

चित्रपटात एक प्रसंग आहे. नताली क्रासोव्हस्का आणि जॉर्ज झोरिच हे दोघे वृद्ध कलावंत ‘जिझेल’ या प्रसिद्ध बॅलेतील एक भाग करून दाखवतात. आता उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. तरी हात योग्य वेळी उचलला जातो, मान योग्य दिशेला वळते. इतक्या वर्षांनंतरही शरीर आपला पाठ विसरलेले नाही. मागे न राहणारी कला माणसे कशी मागे ठेवतात, याचे उत्तर त्या दोन थकलेल्या हातांत मिळते.