मंगळाची पृथ्वी करताना : खेळात नसलेली चौथी मापपट्टी

संगणकावरील अंतराळविषयक डावपेचांच्या खेळांत एक कृती हटकून आढळते. ओसाड ग्रह हाती लागला की तो राहण्याजोगा करायचा. १९९६ सालच्या ‘मास्टर ऑफ ओरायन २’ या गेममध्ये पुरेसे उत्पादन खर्ची घातले की ओसाड ग्रह पायरीपायरीने सुधारत जातो आणि तेथील वस्ती वाढते. त्याआधी, १९९० साली आलेल्या ‘सिमअर्थ’मध्ये तर मंगळ आणि शुक्र हे दोन्ही ग्रह खेळाडूच्या ताब्यात दिलेले होते. या कृतीला टेराफॉर्मिंग म्हणतात. आपण तिला पृथ्वीकरण म्हणू. हा शब्द प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. जॅक विल्यमसन यांच्या १९४२ सालच्या ‘कोलिजन ऑर्बिट’ या विज्ञानकथेत तो प्रथम आला आणि शास्त्रज्ञांनी तो नंतर उचलला.

या लेखासाठी आपण यांपैकी सर्वांत काटेकोर असा एकच खेळ घेऊ. ‘टेराफॉर्मिंग मार्स’ हा स्वीडनच्या जेकब फ्रिक्सेलियस यांनी रचलेला पटावरचा खेळ २०१६ साली आला आणि २०१८ साली त्याची संगणकावरील आवृत्ती निघाली. त्यात तीन मापपट्ट्या आहेत. पहिली तापमानाची : उणे ३० अंश सेल्सियसपासून अधिक ८ अंशांपर्यंत. दुसरी ऑक्सिजनची : शून्यापासून १४ टक्क्यांपर्यंत. तिसरी पाण्याची : समुद्राच्या ९ चकत्या. आठ एकके उष्णता खर्च केली की तापमान २ अंशांनी चढते. आठ एकके वनस्पती खर्चून हिरवळीची चकती ठेवली की ऑक्सिजन १ टक्क्याने वाढतो. तिन्ही पट्ट्या भरल्या की मंगळ तयार!

खेळ म्हणून ही रचना मला आवडते. त्यात एका गोष्टीचा दुसरीवर परिणाम होतो. तापमान शून्यावर पोचले की समुद्राची एक चकती आपोआप मिळते. ऑक्सिजन ८ टक्क्यांवर गेला की तापमान एक पायरी चढते. काही जीवजाती ठरावीक तापमानाआधी आणताच येत नाहीत. आपल्या पाठ्यपुस्तकांत हवा, पाणी आणि उष्णता ही वेगवेगळी प्रकरणे असतात. येथे ती एकमेकांत अडकलेली दिसतात. परंतु हा खेळ खेळलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी एकच प्रश्न विचारून पाहावा : चौदा टक्के, पण कशाचे?

टक्केवारी सांगताना एकूण किती हे सांगितले नाही, तर काहीच सांगितले नाही असे होते. गणिताच्या तासाला आपण हे वारंवार बजावतो, पण विज्ञानाच्या तासाला विसरतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, अगदी मुंबईच्या चौपाटीवर असतो तेवढाच. तरी गिर्यारोहक तेथे धापा टाकतो, कारण हवेचा एकूण दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एकतृतीयांश असतो. फुप्फुसांना टक्केवारी कळत नाही. त्यांना कळतो तो ऑक्सिजनचा स्वतःचा, म्हणजे आंशिक दाब. खेळात चौथी मापपट्टी हवी होती ती हवेच्या दाबाची, आणि नेमकी तीच नाही.

मंगळाच्या पृष्ठभागावरील हवेचा सरासरी दाब सुमारे ६ मिलिबार आहे. आपल्याकडे समुद्रसपाटीला तो १०१३ मिलिबार असतो. हा फरक वस्तुमानात मांडला तर मुलांना चांगला उमजतो. दाब म्हणजे दर चौरस मीटरवरील हवेच्या स्तंभाचे वजन. तेव्हा दाबाला गुरुत्वत्वरणाने भागले की त्या स्तंभाचे वस्तुमान मिळते. पृथ्वीवर १,०१,३२५ पास्कलला ९.८ ने भागल्यावर सुमारे १०,३०० किलोग्रॅम येतात. म्हणजे शाळेच्या पटांगणातील प्रत्येक चौरस मीटरवर दहा टन हवा उभी आहे! मंगळावर ६१० पास्कलला ३.७ ने भागा : जेमतेम १६५ किलोग्रॅम.

आता गंमत पाहा. मंगळावर पृथ्वीइतका दाब हवा असेल, तर दर चौरस मीटरवर किती हवा लागेल? बहुतेक विद्यार्थी ‘दहा टन’ असे उत्तर देतील. परंतु तेथील गुरुत्व कमी असल्याने तेवढ्याच दाबासाठी जास्त वायू लागतो : १,०१,३२५ भागिले ३.७, म्हणजे सुमारे २७ टन. मंगळाचे क्षेत्रफळ सुमारे १४.४ कोटी चौरस किलोमीटर आहे. पृथ्वीवरील एकूण जमिनीपेक्षा ते थोडेसेच कमी. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे ३,९०० लाख कोटी टन. आज तेथे आहे सुमारे २४ लाख कोटी टन.

या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक तुलना करू. औद्योगिक क्रांतीपूर्वी पृथ्वीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. ही वाढ सुमारे १ लाख कोटी टनांची आहे. जगातील सगळ्या गिरण्या, आगगाड्या, वीजकेंद्रे आणि मोटारी यांनी, जंगलतोडीची भर घालून, दोन-अडीच शतकांत हवेत टिकलेली भर घातली ती एवढीच. एक ग्रह बिघडवायला एक लाख कोटी टन पुरतात. दुसरा उभा करायला हजारो लागतात. ‘पृथ्वी बिघडली तर मंगळ आहेच’ असे एखादा विद्यार्थी म्हणाला, तर हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

दाबाची पट्टी नसल्यामुळे बाकीच्या तिन्ही पट्ट्यांचे काय होते ते आता पाहू.

आधी पाणी. दाब कमी झाला की पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतो. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट घडते. सहा मिलिबारच्या आसपास पाणी शून्य अंशाला वितळते आणि तेथेच उकळूही लागते. म्हणजे तापमानाची पट्टी कितीही वर नेली, तरी दाब वाढल्याशिवाय समुद्राची चकती पटावर टिकणारच नाही. याचा प्रयोग वर्गात सहज करता येतो. पाणी आधी चांगले उकळून घ्यावे, म्हणजे त्यातील विरघळलेली हवा निघून जाईल. ते साधारण ६० अंशांपर्यंत निवल्यावर सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये थोडेसे ओढून घ्यावे, आतली हवा बाहेर काढून तोंड बोटाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या जोराने मागे ओढावा. आतले पाणी खदखदू लागते. दट्ट्या सोडला की शांत होते. आच न देता पाणी उकळलेले पाहून मुले चकित होतात.

मग तापमान. येथे एक कोडे आहे आणि ते वरच्या वर्गांना जरूर घालावे. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. दर चौरस मीटरवर त्याचे वस्तुमान दीडशे किलोग्रॅमहून अधिक भरते. पृथ्वीवर ते फक्त सहा-सात किलोग्रॅम आहे. म्हणजे हा हरितगृह वायू मंगळाच्या डोक्यावर आपल्यापेक्षा वीसपटींहून जास्त आहे. तरी तेथे हरितगृह परिणामामुळे तापमान जेमतेम पाच-सहा अंशांनी वाढते आणि आपल्याकडे ३३ अंशांनी! असे का?

एक कारण मुले सांगतील : पृथ्वीवर पाण्याची वाफ आहे. हे बरोबर आहे, वाफेचा वाटा मोठा आहे. दुसरे कारण मात्र पुस्तकांत क्वचितच सापडते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सगळे अवरक्त किरण शोषत नाही. ठरावीक तरंगलांबींच्या बारीक बारीक रेषांतच शोषतो. दाब जास्त असला की रेणू एकमेकांवर वारंवार आदळतात आणि त्या टकरींमुळे या रेषा रुंदावतात, जवळजवळ एकमेकींना भिडतात. मंगळाच्या विरळ हवेत टकरी कमी, म्हणून रेषा अरुंद राहतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून उष्णता अवकाशात निसटते. घोंगडीत लोकर भरपूर असली तरी वीण विरळ असल्यासारखेच हे आहे. थोडक्यात, तापमानाच्या पट्टीमागेही दाबाचीच पट्टी उभी आहे.

मग मंगळावरचाच वायू मोकळा करून दाब वाढवता येईल का? १९७० ते १९९० या काळात तशी आशा होती. कार्ल सेगन यांनी १९७३ साली मंगळाच्या पृथ्वीकरणावर शोधनिबंध लिहिला. क्रिस्टोफर मॅके, ओवेन टून आणि जेम्स कास्टिंग यांचा ‘नेचर’मधील १९९१ सालचा निबंध तर या विषयाचा पायाच ठरला. ध्रुवांवरचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड थोडा तापवावा, त्याच्या वायूने हवा आणखी तापेल, त्याने आणखी वायू सुटेल, अशी ती साखळी होती. पुढे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी बर्फ आणि खनिजे मोजली. २०१८ साली ब्रूस जेकॉस्की आणि क्रिस्टोफर एडवर्ड्स यांनी हिशोब मांडला तो निराशाजनक होता. ध्रुवांवरचा सगळा साठा मोकळा केला तर दाब फार तर दुप्पट होईल. सहज हाती येणारे सर्व साठे धरले तरी सुमारे २० मिलिबार, आणि तापमानवाढ दहा अंशांहूनही कमी.

केवळ ऊब हवी असेल तर निराळे मार्ग आहेत. २०२४ साली सामानेह अन्सारी, एडविन काइट आणि सहकाऱ्यांनी सुचवले, की मंगळाच्याच मातीतील लोह किंवा अ‍ॅल्युमिनियमपासून सुमारे ९ मायक्रोमीटर लांबीच्या सूक्ष्म काड्या बनवून दर सेकंदाला ३० लिटर या प्रमाणात हवेत सोडत राहिल्यास तापमान ३० अंशांहून अधिक वाढू शकेल. हा हिशोब संगणकीय प्रतिमानाचा आहे, पण कल्पना चतुर आहे. मात्र ती पहिली पट्टी हलवते, चौथी नाही. ऊबदार झालेल्या मंगळावरही माणसाला दाबपोशाख घालूनच हिंडावे लागेल.

राहिला ऑक्सिजन. पृथ्वीच्या दाबाचे १४ टक्के म्हणजे साधारण लेहमध्ये मिळतो तेवढा ऑक्सिजन. माणूस त्यात सरावाने राहू शकतो. त्यासाठी मंगळाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ३.८ टन, म्हणजे एकूण ५५० लाख कोटी टन ऑक्सिजन लागेल. प्रकाशसंश्लेषणातून १ किलोग्रॅम ऑक्सिजन मोकळा व्हायला सुमारे दीड कोटी ज्यूल ऊर्जा लागते. म्हणून दर चौरस मीटरला ५,७०० कोटी ज्यूल. मंगळावर दिवसरात्र आणि सर्व अक्षांश मिळून सूर्यप्रकाश दर चौरस मीटरला सरासरी १५० वॅट पडतो. पृथ्वीवरील सारी वनस्पतिसृष्टी मिळून सूर्यप्रकाशाच्या सुमारे एक सहस्रांश भागाचा उपयोग करते. मंगळावर तेवढे साधले, तर सेकंद मोजून पाहा : सुमारे १२,००० वर्षे. तेही झाडे मेल्यावर कुजली नाहीत तर! कुजताना बहुतेक ऑक्सिजन परत खर्च होतो. म्हणूनच मॅके यांचा अंदाज एक लाख वर्षांच्या घरातला आहे.

यंत्रांनी काम लवकर होईल असे वाटेल. ‘पर्सिव्हिअरन्स’ या बग्गीवरील ‘मॉक्सी’ या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून खरोखर ऑक्सिजन काढून दाखवला. एकूण १२२ ग्रॅम. ताशी जास्तीत जास्त १२ ग्रॅम. एका माणसाला ताशी सुमारे ३५ ग्रॅम लागतो, म्हणजे अशी तीन यंत्रे एकाला पुरतील. बंदिस्त निवाऱ्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. पण अख्ख्या ग्रहासाठी तशी एक लाख कोटी यंत्रे अहोरात्र चालवली, तरी पाच हजारांहून अधिक वर्षे लागतील.

येथे एका लोकप्रिय आक्षेपाचाही समाचार घेतला पाहिजे. मंगळाला चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे तयार केलेली हवा सौरवाऱ्याने उडून जाईल, असे सांगितले जाते. सप्टेंबर २०१४ मध्ये दोन-तीन दिवसांच्या अंतराने मंगळाच्या कक्षेत पोचलेली ‘मावेन’ आणि आपले मंगळयान या दोघांनीही तेथील वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास केला. सौरवाऱ्यामुळे दर सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम वायू निसटतो, असे ‘मावेन’च्या मोजमापांवरून २०१५ साली जाहीर झाले. म्हणजे वर्षाला सुमारे ३,००० टन. या गतीने मंगळाची आजची हवा संपायलाच ७०० कोटी वर्षे लागतील. पूर्वी, सूर्य तरुण आणि तापट असताना, ही गळती फार मोठी होती आणि मंगळाने आपली बरीचशी हवा तेव्हा गमावली, हे खरे. परंतु आजची अडचण मडके गळते ही नव्हे. ते भरायला पाणी नाही, ही आहे.

दाबाची पट्टी विसरण्याचे काम केवळ खेळ रचणाऱ्यांनीच केले असे मात्र नाही. १९६१ साली सेगन यांनी सुचवले होते, की शुक्राच्या ढगांत शैवाल सोडावे. ते कार्बन डायऑक्साइड खाईल आणि ग्रह थंड होईल. शुक्राच्या पृष्ठभागावर पृथ्वीच्या सुमारे ९० पट दाब आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते. ते कळल्यावर कल्पना कोसळली. सगळ्या वायूतील कार्बन वेगळा काढला तर त्याचा शंभर मीटरहून जाड थर साचेल, आणि वर उरेल पृथ्वीच्या साठपटींहून अधिक दाबाचा ऑक्सिजन. अशा हवेत तो कार्बन पुन्हा पेटायला कितीसा वेळ लागणार!

वर्गात हा खेळ उपलब्ध असेल तर तो जरूर खेळू द्यावा. नसेल तर कार्डशीटवर तीन पट्ट्या आखूनही काम भागते. मग विद्यार्थ्यांच्या गटांना चौथी, दाबाची पट्टी स्वतः बनवायला सांगावी. ती ६ मिलिबारपासून सुरू करावी. त्यावर ६३ मिलिबारला खूण करावी, कारण त्याखाली ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला, पाणी उकळते. ध्रुवांवरचा बर्फ वितळवण्याचे कार्ड खेळल्यावर पट्टी किती पुढे सरकवायची आणि समुद्राची पहिली चकती कोठल्या खुणेनंतर ठेवू द्यायची, हे नियम गटांनीच ठरवावेत. वरच्या २० मिलिबारच्या आकड्याला प्रामाणिक राहणाऱ्या गटाचा डाव पहिल्या खुणेच्या बराच आधी अडेल.