चढाला उन्हाळा, उताराला हिवाळा

"मावशी, डोंगराची एक बाजू उन्हाळ्याची आणि दुसरी हिवाळ्याची असते का गं?"

हा प्रश्न माझ्या सातवीतल्या भाचीचा. निमित्त होतं सायकलस्वारीचं. ऐन जानेवारीत, पहाटे साडेचारला आम्ही चौघंजण पुण्याहून महाबळेश्वरला निघालो होतो. अंतर सुमारे 120 किलोमीटर आणि वाटेत कात्रज, खंबाटकी, पसरणी असे तीन घाट. परत आल्यावर मी तिला सांगत होते, की कात्रजचा जुना घाट चढताना मी घामाघूम झाले. जॅकेटची चेन उघडली, हातमोजे काढून खिशात कोंबले. मग बोगदा ओलांडला, उतार लागला आणि पाचच मिनिटांत दात कडाकडा वाजायला लागले. रात्र तीच, डोंगर तोच. हँडलवरचा तापमापक तर दोन्हीकडे 10 अंशच दाखवत होता!

मग मधेच उन्हाळा आला कुठून आणि गेला कुठे?

उन्हाळा होता माझ्या मांड्यांमध्ये. आपले स्नायू काम करतात ना, तेव्हा अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो. उरलेल्याची उष्णता होते. नुसतं बसून गोष्टीचं पुस्तक वाचत असाल, तेव्हा तुमच्या शरीरातून साधारण जुन्या पिवळ्या 100 वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडते. घाट चढणारा सायकलस्वार म्हणजे असे चार-पाच दिवे एकदम पेटलेले! त्यात चढाला वेग तो काय, ताशी आठ-दहा किलोमीटर. वारा जवळजवळ नाहीच. चूल भडकलेली आणि खिडक्या बंद, मग उकडणारच.

उताराला सगळं उलटं होतं. पॅडल मारावं लागत नाही, म्हणजे चूल विझली. आणि वेग झाला ताशी 40 किलोमीटर, म्हणजे सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. गंमत म्हणजे त्या पहाटे झाडाचं पानही हलत नव्हतं. तो वारा माझा मीच तयार केला होता.

पण वाऱ्यानं गार का वाटतं? आपल्या अंगाला लागून हवेचा एक पातळ थर असतो. शरीराच्या उबेनं तो कोमट होतो. ही आपली न दिसणारी गोधडी. वारा आला की तो ही गोधडी ओढून नेतो. शरीर पुन्हा नवी गोधडी विणायला घेतं, वारा पुन्हा ती पळवतो. उष्णता भराभर निघून जाते आणि आपल्याला थंडी वाजते.

ही चोरी मोजायची कशी, ते शोधलं पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी, थेट अंटार्क्टिकात. सायपल तिथे पहिल्यांदा गेला तो 1928 साली, बालवीर म्हणून निवड होऊन, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी! पुढे तो शास्त्रज्ञ झाला. 1940-41 च्या मुक्कामात या दोघांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते उघड्यावर खांबाला टांगलं आणि वारा कमी-जास्त असताना ते गोठायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजलं आणि त्यावरून वारा किती उष्णता नेतो, याचं गणित मांडलं. 2001 साली अमेरिका आणि कॅनडानं हे गणित सुधारलं. त्यासाठी स्वयंसेवकांना गार वाऱ्याच्या बोगद्यात चालवलं आणि त्यांच्या चेहऱ्याची त्वचा किती गार होते, ते पाहिलं. त्या गणितानं 10 अंश तापमानात ताशी 40 किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या चेहऱ्याला 6 अंशांसारखं वाटतं.

"मग तुझा तापमापक 10 वरच का अडून बसला?" भाची सहजासहजी सोडणारी नव्हे.

कारण त्याच्याकडे चोरण्यासारखं काही नव्हतं! तो आधीच हवेइतका गार होता. खरं वाटत नसेल, तर घरी करून बघा. एकसारखे स्टीलचे तीन पेले घ्या, मोठ्यांकडून त्यात सारखंच कोमट पाणी ओतून घ्या आणि झाकणं ठेवा. पहिला पेला कोपऱ्यात ठेवा, दुसरा पंख्याखाली. तिसऱ्याला ओला रुमाल गुंडाळा आणि तोही पंख्याखाली ठेवा. वीस मिनिटांनी हात लावून पाहा. पंख्याखालचा दुसरा पेला पहिल्यापेक्षा गार लागेल. पण दीड-दोन तासांनी हे दोघेही खोलीइतकेच गार होऊन थांबतील. वारा घाई करतो, पण हवेपेक्षा गार करू शकत नाही.

तिसरा पेला मात्र त्यांच्याही खाली उतरेल. ओळखलंत? हा आपला माठच की! पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं. एक चमचा घाम वाळताना जेवढी उष्णता नेतो, तेवढी काढून घेतली तर मोठा पेलाभर पाणी 10 अंशांनी गार होईल. मी कात्रजच्या उतारावर काकडले, त्याचं खरं कारण हे होतं. चढताना भिजलेला टी-शर्ट घालून मी वाऱ्यात शिरले होते. चालता-बोलता माठ!

मग शरीरानं काय केलं? आधी हातापायांच्या बोटांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी केला, म्हणजे पोटातली-छातीतली ऊब टिकावी. बोटं बधिर झाली, ब्रेक नीट दाबला जाईना. मग आली हुडहुडी. हुडहुडी म्हणजे पॅडल न मारता स्नायूंनी केलेलं काम. विझलेली चूल पेटवायची शरीराची धडपड! फक्त तिच्यामुळे हँडलसुद्धा थरथरतं, म्हणून आम्ही उतरून थोडं चाललो.

शिरवळच्या अलीकडे नीरा नदीच्या पुलावर आणखी एक गंमत झाली. इथे तापमापकही खरोखर 10 वरून 7 वर आला. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होते. तिला टेकलेली हवाही गार आणि जड होते, आणि पाण्यासारखी उताराकडे वाहत जाऊन ओढ्यात, नदीपात्रात साठते. पूल ओलांडून चार पावलं वर चढलं की पुन्हा बरं वाटतं. तुमच्या गावात कुठल्या वळणावर अचानक गारठा जाणवतो, ते पाहून ठेवा. तिथे जवळच खोलगट जागा असणार.

चढ-उताराच्या या खेळात भलेभले फसलेत. 'जिरो' ही इटलीतली तीन आठवड्यांची मोठी सायकलशर्यत. 5 जून 1988 या दिवशी शर्यत सुमारे 2600 मीटर उंचीच्या गाविया खिंडीत पोचली, आणि भर जूनमध्ये तिथे बर्फ पडायला लागला! सगळ्यांच्या पुढे होता योहान वान डर वेल्डे, अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत. चढावर त्याला जॅकेटची गरजच वाटली नाही. पण उतार लागला आणि तो इतका गारठला, की थांबून आडोसा शोधावा लागला. शेवटच्या रेषेपर्यंत तो पाऊण तास मागे पडला. त्याच शर्यतीतल्या अँडी हॅम्पस्टनच्या संघानं मात्र सकाळीच बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या दुकानातून गरम हातमोजे आणि कपडे आणून ठेवले होते. त्या दिवशी एकूण शर्यतीत आघाडीवर म्हणून गुलाबी जर्सी मिळाली हॅम्पस्टनला, आणि नंतर अख्खी शर्यतही त्यानंच जिंकली.

युरोपातल्या सायकलपटूंची एक जुनी युक्ती आहे. खिंडीच्या माथ्यावर पोचलं, की जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र सरकवायचं. वारा अडतो आणि कागदाच्या घड्यांमध्ये हवेची गोधडी अडकून राहते. खंबाटकीचा उतार समोर आल्यावर मला ती आठवली. चहाच्या टपरीवरच्या काकांकडे रद्दी मागितली. "भजी बांधून देऊ का त्यात?" ते म्हणाले. मी आधी भजी खाल्ली आणि मग चार पानं छातीवर सरकवली. खंबाटकीच्या उतारावर वारा सूं-सूं करत होता, पण एकदाही दात वाजले नाहीत.

घरी आल्यावर भाचीनं माझा पांढरा टी-शर्ट निरखून पाहिला. घामानं ओल्या कापडावर छापील शाई उमटली होती, पण सगळी अक्षरं उलटी. ती टी-शर्ट घेऊन आरशासमोर उभी राहिली आणि अडखळत वाचू लागली. बातमी अर्ध्यातच संपली.

"मावशी," ती म्हणाली, "पुढचं पान पसरणी घाटासाठी ठेवलं असतंस तर!"