विश्लेषण : डोशाचे पीठ रात्रीत फुगते कसे? सोडा घातला तर काय बिघडते?

डोशाच्या तयार पिठाचे पाकीट फ्रिजमध्ये टम्म फुगले की अनेक जण ते खराब झाले समजून थेट कचऱ्यात टाकतात. पण हे पीठ जिवंत असते. त्यातले जिवाणू थंडीत मंदावतात, थांबत नाहीत. मुदत उलटलेली नसेल, बुरशी किंवा रंगीत डाग नसतील आणि वास नेहमीसारखा आंबूस असेल, तर हा फुगवटा बहुतेक वेळा आंबण्याचाच असतो. शंका वाटली तर मात्र टाकलेलेच बरे.

यीस्ट न घालता फुगते कसे?

डाळ-तांदळावर जिवाणू मुळातच असतात. त्यातला प्रमुख ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स. तो साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो. आम्लाने आंबटपणा येतो, वायूने पीठ वर येते. 30 अंश सेल्सियसच्या आसपास हे काम साधारण 8 ते 12 तासांत होते. चेन्नईत सहज फुगणारे पीठ थंडीतल्या बेंगळूरुमध्ये जास्त वेळ मागते ते यामुळेच.

पण वायू उडून का जात नाही? खरी करामत उडदाची आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेत 1970च्या दशकात यावर काम झाले. उडदातील ग्लोब्युलिन प्रथिने फेस धरतात आणि अरबिनोगॅलॅक्टन हे चिकट कर्बोदक तो टिकवते, असे त्यातून दिसले. नुसत्या तांदळाचे पीठ आंबते, पण असे फुलत नाही. डाळ महागली म्हणून उडीद फारच कमी केला, तर डोशाला जाळी पडत नाही. वाटताना मिक्सर तापला तरी पीठ बिघडते. दक्षिणेत वेट ग्राइंडरचा आग्रह उगाच नाही. कोइम्बतूरच्या ग्राइंडरला तर भौगोलिक मानांकनही आहे.

मग सोडा?

सोडा वायू देतो, पण आम्ल देत नाही. उलट असलेला आंबटपणा मारतो. डोसा फुलतो, चव सपाट राहते. शिवाय थायमिन हे ब गटातील जीवनसत्त्व अल्कलीत टिकत नाही. त्यापेक्षा हिवाळ्यात आधीचे चमचाभर पीठ विरजणासारखे घालून पातेले उबदार जागी ठेवणे उत्तम.

आणि पीठ फारच आंबले तर? तामिळनाडूतल्या घरांत त्याचा जाडसर उत्तप्पा होतो, वरून भरपूर कांदा आणि हिरवी मिरची घालून.