दोन पिढ्यांमधला उंबरठा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. 'पिढी' हा शब्द व्हिडिओ गेमच्या यंत्रांना, म्हणजे कन्सोलनाही लागतो, हे मला मामेभावामुळे कळले. त्याने नवे यंत्र घेतले आणि जुने प्लेस्टेशन २ आमच्याकडे पाठवले. वडील म्हणाले, "नवं आलं की जुनं आपल्याकडं!" ते सहज बोलले, पण प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. नवी पिढी आल्यावर जुन्या यंत्राचे काय होते?

मित्रहो, स्थित्यंतराचा हा काळ नव्यालाच अधिक जड जातो. नवे यंत्र महाग असते आणि त्यावर गेम थोडे असतात. गिऱ्हाईक म्हणते, आधी गेम येऊ द्या. गेम तयार करणारे म्हणतात, आधी गिऱ्हाईक येऊ द्या. उलट जुने यंत्र घरोघर पोचलेले असते. त्याचे भाग बनवणे स्वस्त झालेले असते, म्हणून किंमतही उतरते.

जपानच्या सेगा कंपनीने हा काळ नीट सांभाळला नाही. १९९४ च्या अखेरीस तिने अमेरिकेत जुन्या यंत्राला जोडायचे '३२एक्स' हे उपकरण विकले आणि मे १९९५ मध्ये 'सॅटर्न' हे निराळेच यंत्र आणले. ज्यांनी जोडणी घेतली त्यांचे पैसे वाया गेले. १९९९ मध्ये तेथे 'ड्रीमकास्ट' आले. त्यावर सॅटर्नचे गेम चालत नव्हते. जानेवारी २००१ मध्ये सेगाने कन्सोलचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले.

सोनीचे प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आले. त्यावर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम चालत, त्यामुळे कोणाच्या जुन्या सीडी फुकट गेल्या नाहीत. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आले, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती. साहजिकच जुने यंत्र खपतच राहिले. 'गॉड ऑफ वॉर २' हा गाजलेला गेम २००७ मध्ये जुन्यावरच आला. हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान : बॉय वॉरियर' २००९ मध्ये निघाला, तोही प्लेस्टेशन २ साठीच. या यंत्राचे उत्पादन थांबले २०१३ च्या आरंभी. तोवर १५ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली होती.

मात्र प्लेस्टेशन ३ च्या नंतरच्या यंत्रांतून सोनीने खर्च वाचवण्यासाठी जुन्याचे गेम चालवण्याची सोय काढून टाकली. २०२० च्या प्लेस्टेशन ५ वर मात्र प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सर्व गेम चालतात.

तात्पर्य, नवी पिढी नुसत्या वेगावर टिकत नाही. जुन्या सीडी तिला वाचता याव्या लागतात. वडिलांना माझी पुस्तके वाचता येत नाहीत. पण मला त्यांचे बोलणे, त्यांचे हिशेब, त्यांची शेतातली खूण वाचता येते. पदवी हाती येईल तेव्हाही ती सोय माझ्यातून कोणी काढून टाकलेली नसावी, एवढीच इच्छा आहे.